नातीच्या दप्तरातील दोन बाटल्या

गेल्या पावसाळ्यात, रक्षाबंधनाला चार दिवस उरले असताना, माझ्या अकरा वर्षांच्या नातीने आपण मामाच्या घरी येणार नाही असे जाहीर केले. कारण विचारले तर उत्तर नाही. दोन-तीन दिवस ती केस चेहऱ्यावर ओढून, मान खाली घालून घरात वावरत होती, हे आम्ही सर्वांनी पाहिले होते. परंतु शाळेत मैत्रिणींशी काही बिनसले असेल, अशी सोयीस्कर समजूत करून घेऊन जो तो आपल्या कामाला लागला होता. अखेर सुनेने तिला हाताला धरून खिडकीच्या उजेडात नेले. दोन्ही गाल लालबुंद झालेले, नाकाच्या कडेची कातडी सोललेली आणि कपाळावर बारीक पुटकुळ्यांची रांग. साधे पाणी लागले तरी आग होत होती.

मी छत्तीस वर्षे बँकेत नोकरी केली. त्यातील बराच काळ कर्जविभागात, कागदपत्रांची छाननी करण्यात गेला. त्या सवयीने मी प्रथम चौकशी सुरू केली, तीही शाखेत तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या आवाजात. परिणाम व्हायचा तोच झाला. मुलीने तोंड मिटले ते मिटलेच. मग मी दुसरी चूक केली. माझी आई दिवाळीच्या पहाटे आम्हां भावंडांना उटणे लावीत असे. कधी मुरुम आलेच तर डाळीच्या पिठात लिंबू पिळून लावी. ‘घरचा उपाय, अपाय कसला?’ असे म्हणून मी सौ.ला तो लेप करायला लावला. लेप लावताच मुलगी किंचाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा आणखी सुजलेला होता.

लिंबाचा रस हे तीव्र आम्ल आहे, निरोगी त्वचेचे आम्लमान पाचाच्या आसपास असते तर लिंबाचे जेमतेम दोन, आणि लिंबू लावून उन्हात गेल्यास त्यातील द्रव्यांमुळे भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात, हे मला नंतर त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सांगितले. डाळीच्या पिठाचे रवाळ कण सोललेल्या कातडीवर घासणे म्हणजे जखमेवर वाळूचा कागद फिरवणे. आई हे सर्व धडधाकट, रापलेल्या त्वचेवर करीत होती, एवढा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.

त्या रात्री सुनेने जे केले ते माझ्या छाननीहून अधिक उपयोगी ठरले. ती नातीशेजारी झोपली आणि काहीच विचारले नाही. दिवा मालवल्यावर मुलगी आपणहून बोलली. दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोन छोट्या बाटल्या होत्या. सहावीच्या वर्गातील सात-आठ मुलींनी आपापसांत पैसे जमवून त्या मागवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला आठवडाभर येत होत्या. शाळेतून आल्यावर, आई स्वयंपाकघरात असताना, ती दोन्ही बाटल्यांतील द्रव एकावर एक चेहऱ्यावर चोळत असे. मोबाईलवर दिसणाऱ्या मुली तसेच करतात, असे तिचे म्हणणे होते.

आणि मग तिने विचारले, ‘आई, ह्याने मी गोरी होईन ना?’

हा प्रश्न कोठून आला ते सुनेला लगेच कळले. उन्हाळ्यात एका साखरपुड्यात आमच्याच नात्यातील एका ज्येष्ठ बाईंनी तिच्या हनुवटीला हात लावून म्हटले होते, ‘नाक-डोळे आजीचे घेतलेस, रंगही घ्यायचा होतास गं.’ सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून मी त्या बाटल्या वाचायला बसलो. अक्षरे इतकी बारीक की भिंग आणावे लागले. पहिल्या बाटलीत ग्लायकॉलिक आम्ल आणि रेटिनॉल ही दोन्ही द्रव्ये होती. रेटिनॉल हा ‘अ’ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. तो त्वचेच्या पेशींचे नवे होणे वेगवान करतो, म्हणून चाळिशीनंतर सुरकुत्यांसाठी वापरतात. ग्लायकॉलिक आम्ल वरचा मृत थर सुटा करते. मोठ्या माणसांनीही ही दोन्ही जपून, एका वेळी एक, अशी वापरायची असतात. अकरा वर्षांच्या मुलीला तर त्यांचे काही कामच नाही. तिच्या पेशी मुळातच वेगाने नव्या होत असतात. तिने रोज वरचा थर काढला आणि खालचा कच्चा थर पावसाळी ढगांआडच्या उन्हात उघडा पाडला. ढगांतूनही अतिनील किरणे येतातच.

दुसरी बाटली कोरियन बनावटीची होती. घटकांच्या यादीत पहिलेच नाव होते ‘स्नेल सिक्रिशन फिल्ट्रेट’. गाळलेला गोगलगाईचा स्राव. मी ते तीनदा वाचले. घटकांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापण्याची पद्धत आहे; म्हणजे बाटलीत सर्वाधिक होते ते हेच. गोगलगाई जाळीवर ठेवून, त्यांना उत्तेजित करून हा चिकट द्रव गोळा केला जातो आणि जगभर त्याचा मोठा व्यापार चालतो.

वाचकांपैकी जे वसई-विरार भागात राहतात त्यांना ठाऊक असेल, गोखिवऱ्याला पाऊस लागला की इमारतींच्या कुंपणांवर, जिन्यांच्या पायऱ्यांवर मोठाल्या गोगलगाई येतात. आमची नात चार वर्षांची असल्यापासून शाळेच्या बसकडे जाताना वाटेतील गोगलगाय पानावर उचलून गवतात ठेवते. तिच्यामुळे दोनदा बस चुकली आहे. बाटलीतील नावाचा अर्थ तिला सांगायचा की नाही, यावर आम्ही तिघांनी बराच विचार केला. मुलाचे मत होते, सांगू नका, उगाच मनाला लावून घेईल. सून म्हणाली, ‘बाबा, जिने कंदमुळे आपणहून सोडली तिला हे कळायचा हक्क आहे.’ सुनेचेच खरे होते. तिने हळूच, दोष न देता सांगितले. मुलगी काही बोलली नाही. बाटली घेतली आणि आईच्या हातात दिली. दुसरीविषयी मात्र तिने विचारले, ‘ही चालेल का?’ रंगाची आशा अजून सुटली नव्हती.

वसईतील त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी दोन्ही बाटल्या पाहिल्या आणि पंधरा दिवस सर्व काही बंद करायला सांगितले. साधे पाणी, दिवसातून तीन-चार वेळा गंधरहित साधे मॉइश्चरायझर आणि सोललेल्या जागी रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून होते, प्राणिज नव्हे. हे मी मुद्दाम विचारून घेतले. त्यांना हसू आले, परंतु उत्तर त्यांनी नीट दिले.

मग त्यांनी मुलीला समोर बसवून, आमच्याकडे न पाहता, तिलाच समजावले. साधारण सहा ते आठ या वयापासून मूत्रपिंडांवरील ग्रंथी विशिष्ट संप्रेरके स्रवू लागतात. त्यांच्यामुळे त्वचेतील तैलग्रंथी जाग्या होतात. तेल वाढते, रंध्रांची तोंडे मृत पेशींनी बुजतात आणि कपाळ, नाक, हनुवटी येथे काळे-पांढरे ठिपके व पुटकुळ्या येतात. हा आजार नव्हे, वाढीचा भाग आहे. पाळी येण्याच्या वर्ष-दोन वर्षे आधीच हे दिसू शकते. मात्र सात वर्षांच्या आतील मुलाला खरेखुरे मुरुम येऊ लागले तर ते दाखवले पाहिजे, कारण तेव्हा संप्रेरकांच्या तपासणीची गरज पडू शकते.

त्यांचा पुढचा प्रश्न आम्हांला अनपेक्षित होता. ‘केसांना तेल कोण लावते?’ सौ. दर सकाळी नातीच्या केसांना खोबरेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालते. ते तेल घामाबरोबर कपाळावर उतरते आणि रंध्रे बुजवते. म्हणून पुटकुळ्यांची रांग नेमकी केसांच्या कडेने होती. तेल रविवारी लावून त्याच दिवशी धुवायचे, रोज नाही, असे ठरले. सौ.ने हा निर्णय स्वीकारला, पण अजून मनापासून नाही.

त्यांनी दिलेला दिनक्रम इतका छोटा होता की मुलगी हिरमुसली. सकाळी साध्या पाण्याने किंवा सौम्य फेसवॉशने चेहरा धुवायचा, किंचित ओल्या त्वचेवरच हलके मॉइश्चरायझर आणि बाहेर जायचे असेल तर सनस्क्रीन. संध्याकाळी खेळून आल्यावर वाटाण्याएवढा फेसवॉश, पुन्हा मॉइश्चरायझर. बस्स. टोनर नको, सीरम नको, स्क्रब नको. काहीही नवे आणले तर आधी कोपराच्या आतील बाजूस सलग काही दिवस थोडेसे लावून पाहायचे. मुरुम फोडायचा नाही. टॉवेल स्वतंत्र, उशीचा अभ्रा आठवड्याला बदलायचा.

सनस्क्रीनच्या बाबतीत माझ्यातील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एक हिशेब आवडला. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के यूव्हीबी किरणे अडवतो, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे ३० वरून ५० वर जाण्यासाठी अधिक पैसे मोजून पदरात पडतो तो एखादा टक्का. खरा तोटा कोठे होतो, तर कमी लावण्यात. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मधले बोट यांच्यावर दोन पूर्ण रेघा एवढे लागते आणि बाहेर असल्यास दोन तासांनी पुन्हा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायॉक्साइड असलेले खनिज सनस्क्रीन मुलांच्या नाजूक त्वचेला सहसा सोसते. थोडा पांढुरका थर दिसतो. नातीला तो आवडला नाही, मग खेळाच्या तासापुरता मान्य झाला.

साबणाविषयीही सांगतो, कारण आपल्याकडे पुष्कळांच्या दुकानांत साबणाचा माल असतो. साधा अंगाचा साबण अल्कधर्मी असतो, आम्लमान नऊ-दहा. त्याने चेहरा स्वच्छ होतो, परंतु त्वचेचे स्वतःचे संरक्षक कवचही धुतले जाते. गोखिवऱ्यात कित्येक इमारतींत टँकरचे किंवा बोअरिंगचे जड पाणी येते. अशा पाण्यात साबणाचा साका होतो आणि तो त्वचेवर बसतो. साबणाच्या वेष्टनावर टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्ध द्रव्य, छापलेले असते. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या अंघोळीच्या साबणात ते किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० टक्के असावे लागते. ‘बेदिंग बार’ म्हणून विकली जाणारी वडी वेगळ्या मानकाखाली येते आणि तिच्यात ते ४० टक्केही चालते. आयुष्यभर आपण साबण वासावरून घेतला.

हे स्निग्ध द्रव्य कशाचे, हा आपल्या घरांतला खरा प्रश्न. माझ्या वयाच्या वाचकांना १९८३ साल आठवत असेल. वनस्पती तुपात आयात केलेली गोचरबी मिसळल्याच्या प्रकरणाने तेव्हा देश ढवळून निघाला होता आणि आपल्या अनेक कुटुंबांत डबाबंद तूप कायमचे बंद झाले. त्या काळी ताटाविषयी जेवढी जागरूकता आपण दाखवली तेवढी न्हाणीघराविषयी दाखवली नाही. साबणाच्या घटकांत ‘सोडियम पामेट’ म्हणजे पामतेलाचे, ‘सोडियम टॅलोएट’ म्हणजे प्राण्याच्या चरबीचे. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतील मेण आहे. ‘सेरा अल्बा’ हे मधमाशीच्या मेणाचे लॅटिन नाव. ओठांच्या बामात ते सर्रास असते. कार्माइन, ज्याचा रंगक्रमांक ७५४७० आहे, ते कोचिनील नावाचे किडे वाळवून काढतात आणि लहान मुलींच्या गुलाबी लिपग्लॉसमध्ये ते असू शकते. ग्वानिन, क्रमांक ७५१७०, माशांच्या खवल्यांची चमक. कोलॅजेन, केराटिन, रेशमाची प्रथिने यांची नावेच बोलकी आहेत. अडचण होते ती ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल आणि स्क्वालेन यांच्यापाशी. ही वनस्पतीपासूनही मिळतात आणि प्राण्यापासूनही. वेष्टन पाहून ओळखता येत नाही. तेथे उत्पादकाला पत्र लिहिण्यावाचून मार्ग नाही.

खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील हिरव्या ठिपक्याची आपल्या डोळ्यांना सवय झाली आहे. प्रसाधनांवर काही उत्पादक तो स्वेच्छेने छापतात, परंतु तो सर्वत्र आढळत नाही. सशाचे चित्र असले की वस्तू निर्दोष, हाही एक गैरसमज आहे. त्या चित्राचा अर्थ प्राण्यांवर चाचणी केलेली नाही, एवढाच. भारताने २०१४ साली प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून अशा चाचण्या केलेल्या मालाच्या आयातीलाही बंदी घातली. ती आनंदाची गोष्ट आहे. मात्र सशावर चाचणी न केलेल्या बाटलीत गोगलगाईचा स्राव असू शकतो. ‘व्हीगन’ हा शब्द घटकांविषयी बोलतो, सशाचे चित्र चाचणीविषयी. दोन्ही वाचावी लागतात.

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो मुलीने अंधारात विचारला होता. गोरेपणाच्या आशेने लावलेल्या मलमाने काय होऊ शकते याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. अकोल्यातील एका कुटुंबातील आई आणि दोन मुली स्थानिक सौंदर्यप्रसाधनगृहातून आणलेले एकच मलम वापरत होत्या. रंग उजळल्याचे लोक म्हणू लागले, तसा मलमाचा वापर वाढला. २०२२ च्या सुमारास तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. एकाच घरातील तिघींना एकाच वेळी असे का व्हावे, हे कोडे उलगडले ते मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात. मलमाची तपासणी झाली, तेव्हा त्यात मर्यादेच्या कितीतरी पट पारा आढळला. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून रंग उतरल्यासारखा दिसतो. तोच पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साचतो.

केरळातील कोट्टक्कल येथील एस्टर मिम्स रुग्णालयातील डॉक्टरांनीही २०२१ ते २०२३ या काळातील अशाच रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत तो एका विरळ प्रकारचा होता आणि त्या १५ पैकी १३ जण आजारापूर्वी त्वचा उजळवणारी मलमे लावीत होते. आपल्या कायद्यानुसार प्रसाधनांत पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत आलेल्या अंशाची मर्यादा डोळ्यांभोवतालची प्रसाधने वगळता दशलक्षात एक भाग इतकी आहे. म्हणून वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि आयात माल असेल तर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांक पाहायचा. नातीच्या कोरियन बाटलीवर आयातदाराचा मागमूस नव्हता. ज्या कर्जदाराचा पत्ता नाही त्याला आम्ही अर्जाचा कागदही देत नसू.

दुसरा धोका अधिक जवळचा. नातीचा चेहरा पाहून एका औषध दुकानदाराने, मी काही न विचारता, एक ट्यूब पुढे केली. ‘चार दिवसांत साफ होईल.’ घरी येऊन वाचले; त्यात बीटामेथासोन होते. स्टिरॉइड. क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्याचीच भावंडे. लालसरपणा चार दिवसांत जातो हे खरे, परंतु असे मलम चेहऱ्यावर लावत राहिल्यास कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, केस उगवतात आणि थांबवल्यावर मुरुम दुपटीने परततात. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पावसाळ्यात गजकर्ण झाले की आपल्या घरांतून हीच मलमे भावाला, वहिनीला, शेजाऱ्याला वाटली जातात. औषधांचा व्यवसाय करणारे अनेक वाचक आहेत, त्यांना मी यापेक्षा अधिक काय सांगावे?

हे केवळ आपल्याच घरांत चालले आहे असे नाही. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली सात ते अठरा वर्षांच्या मुलींनी टिकटॉकवर टाकलेल्या शंभर चित्रफितींचा अभ्यास केला. एकेक मुलगी सरासरी सहा प्रसाधने लावीत होती, महिन्याचा खर्च सरासरी १६८ डॉलर, आणि सकाळच्या दिनक्रमांपैकी जेमतेम २६ टक्क्यांत सनस्क्रीन होते. कॅलिफोर्नियात २०२४ साली तेरा वर्षांखालील मुलांना वार्धक्यरोधक प्रसाधने विकण्यास बंदी घालणारे विधेयकही मांडले गेले. ते पुढे गेले नाही. टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद आहे. पण त्या चित्रफितींना दुसरी दारे सापडली आहेत, आणि त्यांतील एक दार आमच्या सुनेच्या मोबाईलमध्ये होते.

कायदा आमच्या नातीच्या वर्गात येणार नव्हता. म्हणून सुनेने त्या सात-आठ मुलींच्या आयांना फोन केले. दोघींनी आभार मानले, एकीने ‘आमच्या मुलीला तर काही झाले नाही’ म्हणून फोन ठेवला. मुलींपैकी आणखी एकीच्या गालांची आग होत होती. ती घरी सांगायला घाबरत होती.

रंगाविषयी बोलणे सर्वांत अवघड गेले. त्वचेतील रंगद्रव्य ही उन्हापासूनची ढाल आहे, ते आईवडिलांकडून येते आणि कोणतेही मलम ते सुखरूपपणे बदलू शकत नाही, हे डॉक्टर बाईंनी सांगितले तेव्हा मुलीने ऐकून घेतले. मग घरी आल्यावर ती मला म्हणाली, ‘आजोबा, त्या दिवशी तुम्ही पण हसलात.’ मी तिची क्षमा मागितली. दरवर्षी संवत्सरीच्या सुमारास आपण ‘मिच्छामि दुक्कडम्’चे शेकडो संदेश पाठवतो. मी स्वतः छापील कार्डे पाठवीत असे. समोर बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला नेमकी कशाबद्दल क्षमा हवी ते सांगून क्षमा मागणे त्याहून कठीण असते.

त्या संध्याकाळी मी या मासिकाचे जुने अंक काढले. शेवटच्या पानांवरील विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’, ‘गौरवर्णीय’, ‘रंग उजळ’ हे शब्द किती वेळा येतात ते मोजू लागलो आणि एका अंकानंतर मोजणे सोडले. संपादकांना मी स्वतंत्र पत्र लिहिले आहे, रंगाचा उल्लेख छापू नये म्हणून. माझ्या मुलाच्या लग्नाच्या वेळी मीच दिलेल्या जाहिरातीत ‘गोरी, घरगुती’ असे लिहिले होते, हेही त्या पत्रात नमूद केले आहे. ज्या सुनेने हे सर्व निस्तरले ती सावळी आहे.

दीड महिन्यात नातीचा चेहरा पूर्ववत झाला. कपाळावर अधूनमधून एखादी पुटकुळी येते, जाते. आरशाच्या कडेला तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी लावली आहे: सकाळी तीन, संध्याकाळी दोन. फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन या तिन्ही वस्तू तिने स्वतः निवडल्या, मी फक्त भिंग धरले. सर्व मिळून साडेसातशे रुपयांच्या आत बसले आणि अडीच महिने पुरले. त्या दोन बाटल्यांसाठी मुलींनी जमवलेली रक्कम याच्या तिपटीहून अधिक होती. कधी ती कंटाळते, रात्री तशीच झोपते. सून तिला उठवत नाही.

तिच्या तेरा वर्षांच्या चुलतभावाकडे मात्र कोणी पाहिले नव्हते. तो रोज मैदानावरून घामाने आणि महामार्गाच्या धुळीने माखून येतो, तोंडावर अंगाचा साबण फासतो आणि मुरुम नखाने फोडतो. ‘मुलगा आहे, त्याला काय!’ असे माझी धाकटी सून म्हणाली. त्याच्या डाव्या गालावर दोन व्रण राहिलेच आहेत. आता नातीने आपला फेसवॉश त्याला महिन्याला वीस रुपये भाड्याने वापरायला दिला आहे. रक्त व्यापाऱ्याचे आहे.

गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या मुलाचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गाळा आहे. सुटीच्या दिवशी नात तेथे जाते आणि छपाईला आलेल्या वेष्टनांचे मजकूर वाचत बसते. वाचनाची ही खोड आता घरभर पसरली आहे. परवा तिने माझे दाढीचे क्रीम उचलले आणि ‘स्टिअरिक ॲसिड’वर बोट ठेवले. ‘आजोबा, हे कशापासूनचे?’ मी उत्पादकाला ई-मेल लिहिला. त्याला आज सतरा दिवस झाले, उत्तर आलेले नाही. तोवर तिची नजर माझ्या दाढीच्या ब्रशवर गेली होती. तो मी बढती मिळाली त्या वर्षी घेतला, तीस वर्षे तरी झाली असतील. त्याचे केस कशाचे, हे मुठीवर कोठेही लिहिलेले नाही. जुन्या बाजारात असे ब्रश डुकराच्या केसांचे असत, हे मला ठाऊक होते आणि नव्हतेही. सध्या मी नायलॉनचा ब्रश वापरतो. फेस पूर्वीसारखा होत नाही.